चौकोन, चौकोन, त्रिकोण : डेमन स्लेयरचा गेम गेजवर लावला तेव्हा

चाकणचा नग | २६ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०:४०

भाऊबीजेला ताई आली. तिच्याबरोबर भाचा आला आणि भाच्याबरोबर त्याची सॅक. सॅकच्या तळाशी सुटीचा अभ्यास आणि वरच ‘डेमन स्लेयर : द हिनोकामी क्रॉनिकल्स’ची डिस्क, वर्गमित्राकडून चार दिवसांच्या बोलीवर आणलेली. मामाकडे प्लेस्टेशन आहे आणि मामीला टीव्ही लागत नाही, ही दोन्ही माहिती त्याने आधीच काढून ठेवली होती. ‘मामा, तुला आवडेल बघ,’ हे तो माझ्याकडे नाही, टीव्हीकडे बघून म्हणाला.

चार दिवसांत आम्ही गोष्टीचा भाग संपवला आणि एकमेकांना शंभरेक वेळा लोळवलं. बहुतेक वेळा लोळलो मीच. आज सकाळी डिस्क परत गेली. ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

ज्यांना हे प्रकरणच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोयोहारु गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० शोनेन जंप या जपानी साप्ताहिकात चालली, २३ खंड झाले. युफोटेबल या स्टुडिओने २०१९ पासून तिची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, केली आणि मग पोरं वेडीच झाली. तैशो काळातला, म्हणजे १९१२ ते १९२६ मधला जपान. कोळसा विकणारा तांजिरो एका रात्री घरी नसतो, तेवढ्यात राक्षस येऊन सगळं कुटुंब मारून जातो. उरते एक बहीण, नेझुको, तीही राक्षस होऊन. हा तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहतो, कारण राक्षसाला ऊन चालत नाही. गोष्ट एवढीच. सप्टेंबरात ‘इन्फिनिटी कॅसल’ हा तिचा सिनेमा लागला तेव्हा भाच्याबरोबर मीही गेलो होतो. निम्म्या पोरांच्या अंगावर तांजिरोचा हिरवा-काळा चौकड्यांचा अंगरखा. एकाने आईची ओढणी पांघरली होती, चौकड्या मार्करने काढलेल्या. आवाज इतका की गणपती विसर्जन आठवलं.

आता गेम. बनवलाय फुकुओकाच्या सायबरकनेक्ट२ने, आला ऑक्टोबर २०२१ मध्ये. मालिकेचे पहिले २६ भाग आणि ‘मुगेन ट्रेन’ हा सिनेमा एवढी गोष्ट त्यात आहे.

माझा धंदा सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी चाकणला क्वालिटीत, म्हणजे माल तपासणीत, आहे. दिवसभर काम एकच, नग उचलायचा आणि गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार, लावायचं. गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो बाजू अडली पाहिजे. नग किती चकाकतो हे गेज विचारत नाही.

चकाकी म्हणाल तर शंभर टक्के. तांजिरोच्या तलवारीतून पाणी निघतं ते खरं पाणी नाही, होकुसाईच्या लाकडी ठशांच्या चित्रांतली लाट आहे. कडेला जाड काळी रेघ, टोकाला फेसाची नखं. मालिकेत ती पाहताना वाटायचं की हे हाताने काढलंय म्हणून असं दिसतंय. इथे ती लाट माझ्या अंगठ्याने निघते आणि तरी रेघ तितकीच जाड. साथीदार झेनित्सुची वीज, रेंगोकूची आग, सगळं तसंच. आवाजही मालिकेतलेच. पहिल्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, ‘तुम्ही खेळताय की बघताय?’ प्रश्न बरोबर होता. मला त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं.

खेळ आहे मैदानी कुस्तीसारखा. गोल रिंगण, दोघं समोरासमोर, प्रत्येकाच्या पाठीशी एक जोडीदार. चौकोन दाबला की साधा वार, दाबत राहिलात की वारांची माळ. त्रिकोण दाबला की श्वासाचं खास तंत्र, पण त्याला पाच खणांची पट्टी आहे, एक वार केला की एक खण रिकामा. खण आपोआप भरतात. पट्टी संपवून बसलात तर समोरचा तुम्हाला धुतो. हे मला आवडलं, कारण इथे हिशेब आहे. भाचा हिशेबाने खेळतो. मी चौकोन, चौकोन, चौकोन. ‘मामा, तू लिफ्टचं बटण दाबतोयस का?’ असं तो दुसऱ्या दिवशी म्हणाला.

आता गेज लावतो. या गोष्टीचा कणा काय आहे? राक्षस मरत नाही. हात तोडा, येतो. पोटात तलवार घाला, हसतो. तो मरतो मुख्यतः दोन प्रकारे, एक उन्हाने आणि दुसरं त्या खास तलवारीने मान उडवली तर. माणसाचं मात्र एक बरगडी मोडली की मोडली. सगळी भीती या एका नियमातून येते. मालिकेतल्या रुई या राक्षसाने आपली मान आपल्याच धाग्याने कापून घेतली आणि तांजिरोचा सगळा पराक्रम पाण्यात गेला, आठवतंय? नियम होता म्हणून तो क्षण होता.

गेममध्ये मान नाहीच. राक्षसाच्या डोक्यावर जिवाची पट्टी, माझ्या डोक्यावर जिवाची पट्टी. तो मला मारतो, माझी कमी होते. मी त्याला मारतो, त्याची कमी होते. शून्य झाली की पडद्यावर बटणांची चिन्हं झळकतात, वेळेवर दाबा, मान आपोआप उडते, सुंदर दिसते, टाळ्या. म्हणजे ज्या एका वारासाठी अख्खी मालिका धडपडते, तो वार माझ्या हातात कधी येतच नाही. हातात येते ती मारामारी, आणि मारामारी तर कुठल्याही गेममध्ये असते.

याचं सगळ्यात वाईट टोक मुगेन ट्रेनच्या शेवटी आहे. (सिनेमा न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडा.) रेंगोकू विरुद्ध अकाझा हा राक्षस. रेंगोकू आपण चालवायचा. मी त्या दिवशी कधी नव्हे ते झकास खेळलो, अकाझाची पट्टी साफ केली. आणि लगेच पडद्यावर माझाच रेंगोकू रक्तबंबाळ, एक डोळा गेलेला. अहो, आत्ता तर मी त्याला धुतला! जिंकलो मी आणि मेलोही मीच. भाचा मात्र गप्प झाला होता. त्याच्या डोळ्यांसमोर सिनेमाच चालू होता, माझ्या हातातलं बटण त्याच्या लेखी नव्हतंच. म्हणून निकाल एकट्याने देत नाही.

बाकी दोन-तीन गोष्टी भराभर. लढायांच्या मधल्या वेळात चालायचं असतं, तांजिरोच्या नाकाने वास हुंगत. कल्पना चांगली, पण वास म्हणजे चमकणारी वाट, तिच्यावरून चालत जायचं, झालं. वाटेत आठवणींचे तुकडे गोळा करायचे, आणि गोष्टीचे मधले प्रसंग त्या तुकड्यांत चित्रांच्या रूपात. ज्याने मालिका पाहिली नाही त्याला कोण कुठून आलं ते कळणार नाही. आणि एकमेकांशी खेळायच्या भागात सुरुवातीला १८ पात्रं होती, त्यातली सहा म्हणजे त्याच मंडळींचे शाळकरी गणवेशातले अवतार. नेझुको सोडली तर राक्षस एकही नव्हता! नावात डेमन आणि डेमनच गायब. पुढे अपडेटमधून अकाझा, रुई वगैरे फुकट आले, ते ठीक. पण पहिल्या दिवशी ज्याने पूर्ण पैसे मोजले त्याचं काय?

माझा निकाल : फिनिश एक नंबर, मापात नाही. फेकून देण्यासारखा नाही, रीवर्कला पाठवण्यासारखा आहे. तुमचं काय मत? अ‍ॅनिमेवरच्या गेमला तुम्ही कुठलं गेज लावता?

---

टिवल्याबावल्या | सकाळी ११:०२

लिफ्टचं बटण :D :D
आमच्या सोसायटीत लिफ्टचं बटणही दोनदाच दाबायचं अशी पाटी आहे.

---

दुपारचीझोप | सकाळी ११:३५

लेख चांगला, निकाल अमान्य.

नगसाहेब, तुम्ही चुकीचं गेज लावलंय. हा गेम सोफ्यावर दोघांनी खेळायचा आहे. एका बटणात वारांची माळ निघते म्हणून तुम्ही नाक मुरडता, पण त्याच एका बटणामुळे माझ्या आईने (वय ६९, सांधेदुखी, पहिल्यांदाच रिमोट हातात) नेझुको घेऊन माझ्या धाकट्या भावाला हरवलं. नेझुको का, तर ‘ती परकर-पोलक्यातल्या मुलीसारखी दिसते’. पुढचा आठवडाभर जेवताना विषय तोच. अवघड लढाईच्या गेममध्ये नवशिक्याच्या वाट्याला हा आनंद पहिल्या महिन्यात येत नाही, तोवर तो रिमोट ठेवून उठलेला असतो.

आणि ही त्यांची जुनीच विद्या आहे. नारुतोचे ‘अल्टिमेट निंजा स्टॉर्म’ याच मंडळींचे, पहिला २००८चा. रिंगण, जोडीदार, एका बटणाची माळ, मधेमधे सिनेमा. साचा तयार होता, त्यात नवीन रस ओतला. साच्याला शिव्या द्या हवं तर, पण ओतकाम चोख आहे.

---

चाकणचा नग | सकाळी ११:५०

@दुपारचीझोप, आईंना दंडवत. ओतकामाबद्दल वाद नाहीच. पण साचा नारुतोचा आणि नग डेमन स्लेयरचा, तर मापं जुळतील कशी? निंजांच्या मारामारीत पट्टी चालते, दोन्हीकडे माणसंच आहेत. इथे एकीकडे माणूस आणि दुसरीकडे न मरणारी वस्तू.

---

मोरगिळा | दुपारी १२:४८

जेवायला बसणार होतो, हे वाचून थांबलो.

नगसाहेब, तुमच्या गेजमध्ये गपकन बसणारा नग अस्तित्वात आहे. ‘अटॅक ऑन टायटन २’, ओमेगा फोर्सचा, मार्च २०१८. पहिला भाग २०१६चा, पण दुसऱ्यात सगळं जास्त मुरलंय.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी : माणसं ५० मीटर उंच भिंतींच्या आत कोंडून राहतात, बाहेर टायटन, म्हणजे नागडे, बावळट हसणारे, माणसं खाणारे राक्षस. टायटनलाही काही होत नाही. पाय कापा, परत फुटतो. मरतो फक्त मानेच्या मागचा लचका काढला तर. म्हणजे नियम जवळजवळ तुमच्या डेमन स्लेयरचाच. आता गेममध्ये हा नियम काय झालाय बघा.

कमरेला दोन दोरांचं यंत्र. बटण दाबलं की आकडे सुटतात, वाड्याच्या भिंतीत रुततात, आणि गॅसच्या झोताने तुम्ही उडता. टायटनला नेम धरला की त्याच्या अंगावर पाच जागा दिसतात : दोन हात, दोन पाय आणि मान. आकडा मानेत रुतवला आणि सरळ झेप घेतली तर वार बोथट पडतो, नाहीतर तो हवेतच तुम्हाला झेलतो. म्हणून आकडा रुतवून आधी बाजूला फिरायचं, दोर ताणलेला ठेवून गोल जायचं, वेग येऊ द्यायचा आणि मग आत खेचून घ्यायचं. लहानपणी गोफण फिरवली असेल तर लगेच कळेल. फरक इतकाच की इथे दगड तुम्ही आहात.

आणि पाती बोथट होतात. गॅस संपतो. ऐन वेळी गॅस संपला की तुम्ही जमिनीवर, दोन पायांवर, आणि समोर पंधरा मीटरचं ध्यान. पळत सुटायचं, सामान पुरवणाऱ्या शिपायाला शोधायचं. मालिकेत पोरं गॅस संपला म्हणून रडतात, तेव्हा मला ते थोडं नाटकी वाटायचं. गेम खेळल्यावर नाही वाटलं. एकदा मी पात्यांच्या शेवटच्या जोडीवर मानेत आकडा रुतवला, फिरलो, आत आलो, वार केला. टायटन पडला आणि पातंही गेलं, आणि मागे दुसरा उभा. बायको म्हणाली, श्वास घे.

यातला एकही प्रसंग मालिकेतून उचललेला नाही. तरी मालिका जितकी त्या अर्ध्या मिनिटात भेटली तितकी सगळ्या सिनेमॅटिक क्लिपांत मिळून भेटली नाही.

दोष आहेत, लपवत नाही. भिंतीजवळ गेलं की कॅमेरा पिसाळतो, कधी नुसतं कौल दिसतं, कधी टायटनची काख. मोहिमा त्याच त्याच नकाशांवर. आणि आपला नायक नवाच, आपण बनवलेला, मालिकेत नसलेला. ही गोष्ट त्याच्या डायरीतून सांगितलेली आहे, पण तो बोलत काहीच नाही. मालिकेतले एरेन, मिकासा त्याच्याशी गप्पा मारतात आणि हा नंदीबैलासारखा मान हलवतो.

जेवण गार झालं. वरण परत तापवतो.

---

रानजाई | दुपारी १:२०

वाचते आहे. मुलगा अकरा वर्षांचा, वरच्या दोन्हींची मागणी आहे. आईच्या नजरेने कुणी सांगेल का?

---

मोरगिळा | दुपारी १:३४

@रानजाई, ‘अटॅक ऑन टायटन २’ अजिबात नको. अमेरिकेत त्याला सतरा वर्षांपुढचा शिक्का आहे, आणि तो योग्य आहे. माणसं खाल्ली जाताना दिसतात. हिनोकामीला तिकडे ‘टीन’ आहे, म्हणजे तेरा आणि पुढे. रक्त आहे, पण मालिकेपेक्षा सौम्य. अकराव्या वर्षी शेजारी बसून खेळायला हरकत नसावी. अर्थात मालिका त्याने आधीच मित्राकडे पाहिलेली असणार, ते गृहीत धरा.

---

रानजाई | दुपारी १:४१

पाहिलीच आहे. विचारलं तर म्हणाला, ‘सगळी नाही.’ धन्यवाद.

---

फ्रेमडेटा | दुपारी ३:१५

दुपारचीझोप यांची वेळ पाळून चारच्या आत लिहितोय, हलके घ्या.

नगसाहेबांचा मुद्दा मला पटतो, पण थोडा वळवून. मालिकेचा नियम गेममध्ये यावा हे खरं, पण तो नियम कायम गंभीरच असतो असं नाही. दोन नमुने.

‘ड्रॅगन बॉल फायटरझी’, आर्क सिस्टिम वर्क्स, २०१८. तिघांविरुद्ध तिघं. दिसायला हाताने काढलेलं अ‍ॅनिमे, पण आत सगळे त्रिमिती पुतळे आहेत. मुद्दाम मधल्या फ्रेम गाळल्यात, म्हणजे हालचाल कार्टूनसारखी तुटक दिसते. पण मला सांगायचंय ते वेगळंच. लढता लढता वारांच्या माळा लावत गेलात की एकेक ड्रॅगन बॉल जमा होतो. सात झाले आणि अट पुरी झाली की भर लढाईत शेनरॉन ड्रॅगन प्रकटतो आणि वर देतो. मेलेला साथीदार परत मागता येतो! अख्खी मालिका ज्या खुळ्या आशेवर चालते, की सात गोळे जमवू आणि मेलेल्याला परत आणू, ती इथे नियम होऊन आली. स्पर्धेत फार क्वचित होतं, पण झालं की मागे बसलेले खुर्चीवर उभे राहतात.

दुसरा नमुना म्हणजे ‘वन पंच मॅन’चा गेम, २०२०, स्पाइक चुनसॉफ्ट. गेम म्हणून बेताचाच, दोन दिवसांत कंटाळा आला. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती सुचलेल्या माणसाला मी मिसळ खिलवीन, एक्स्ट्रा रश्श्यासकट. मालिकेतला सैतामा कुणालाही एका ठोशात संपवतो. असं पात्र लढाईच्या गेममध्ये घालणार कसं? त्यांनी घातलं. पण तो उशिरा येतो. तुमच्या संघात सैतामा घेतलात तर लढाई सुरू होते तेव्हा तो वाटेतच असतो, घड्याळ उलटं चालू. तोवर उरलेल्या दोघांनी मार खात जिवंत राहायचं. तो पोहोचला की एक ठोसा आणि विषय संपला. मालिकेतही हेच आहे, बाकीचे हिरो रक्तबंबाळ होतात आणि हा नंतर येतो. विनोदाचाच नियम केला.

त्यामुळे बेताचा गेमसुद्धा गेजमधून पास होऊ शकतो, आणि देखणा नापास. दोन्ही वेगवेगळ्या तपासण्या आहेत, नाही का?

---

चाकणचा नग | दुपारी ४:०५

@फ्रेमडेटा, वा! वाचनखूण साठवली. बरोबर, आमच्याकडेही माप आणि फिनिश यांचे रकाने वेगळेच असतात. सैतामाचं घड्याळ ऐकून भाच्याला फोन केला, तो म्हणाला, ‘मामा, हे मला २०२१ पासून माहितीये.’ २०२१ मध्ये तो दुसरीत होता.

@मोरगिळा, गोफण डोक्यातून जाईना. सेलमध्ये दिसला की घेतो.

---

अभियंताबेकार | संध्याकाळी ६:२२

हिनोकामीचा दुसरा भाग ऑगस्टमध्ये आला, तो मी घेतलाय (नावावर जाऊ नका, सध्या नोकरी आहे). त्यात रंगमहालाच्या वस्तीपासून हाशिरांच्या (म्हणजे राक्षस मारणाऱ्यांतल्या सगळ्यात वरच्या तलवारबाजांच्या) प्रशिक्षणापर्यंतची गोष्ट आहे. नऊच्या नऊ हाशिरा खेळायला मिळतात, राक्षसही पहिल्या दिवसापासून आहेत. पात्रांवर चढवायची सामग्री आलीये, म्हणजे थोडाफार आपल्या मनाचा घाट देता येतो. पहिला भाग खेळला नसेल तर त्याची उजळणीही आत आहे. म्हणजे नगसाहेबांच्या भराभर म्हणून लिहिलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच मिटल्या.

मूळची तक्रार मिटली नाही. पट्टी ती पट्टीच. आणि या भागात तर ती जास्त बोचते, कारण रंगमहालातल्या ग्युतारो आणि डाकी या भावाबहिणीचा नियम आणखी कडक आहे. दोघांच्या माना एकाच वेळी उडाल्या पाहिजेत. एकीची उडाली आणि दुसऱ्याची नाही, तर उपयोग शून्य. मालिकेत त्या एका अटीसाठी चार जण मरायला टेकतात.

---

चाकणचा नग | संध्याकाळी ६:५०

हे वाचून उठून फेऱ्या मारल्या. दोन माना, एकाच वेळी! आणि सोफ्यावर दोन माणसं बसलेली, हातात दोन रिमोट! याहून आयता नियम जगात मिळाला नसता. एकाने ग्युतारोला धरून ठेवायचं, दुसऱ्याने डाकीला, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून दोघांनी मिळून वार. अर्धा क्षण इकडेतिकडे झाला की दोघंही राक्षस परत उभे. ताई आणि मी लहानपणी भिंतीवरचा फळीचा डबा असाच काढायचो, तिने स्टूल धरायचं आणि मी डबा. एकाचं चुकलं की दोघांना मार.

---

दुपारचीझोप | संध्याकाळी ७:३०

(झोप झाली.)

हा मुद्दा मात्र घेतला. पण मग माझी अडचण सांगतो. असा नियम ठेवला की आई बाद. ती ‘एक, दोन’ला दाबणार. राक्षस परत उभा, आई रिमोट ठेवून भाजी निवडायला जाणार. तुम्हाला मालिका हातात हवी आहे, आम्हाला हातात रिमोट धरणारी माणसं हवी आहेत. दोन्ही एका डिस्कमध्ये बसतं का?

---

फ्रेमडेटा | संध्याकाळी ७:४८

बसतं की. सोपा, मध्यम, अवघड असे स्तर कशासाठी असतात? आईंसाठी दोन सेकंदांची सूट, भाच्यासाठी पाव सेकंद. नियम तोच, सैलपणा वेगळा. नगसाहेब याला काय म्हणतात?

---

चाकणचा नग | संध्याकाळी ७:५५

टॉलरन्स.

---

टिवल्याबावल्या | रात्री ८:१०

धागा चाकणला पोहोचला. उतरणारे पुढे या.

---

मोरगिळा | रात्री ८:२५

अवांतर : नगसाहेब, डावी काठी धड आहे ना तुमच्या रिमोटची? डिस्क परत करताना रिमोट तपासून घ्या. पोरं ती काठी रस्सीखेचसारखी ओढतात.

---

चाकणचा नग | रात्री ९:१२

विचारलंत म्हणून सांगतो. नाही, धड नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तांजिरो आपला आपण डावीकडे चालायला लागला. मी म्हटलं, वास आला असेल. भाचा म्हणाला, ड्रिफ्ट. काल रिमोट पुण्यात तपकीर गल्लीत नेला. दुकानातल्या पोराने चार स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं आणि माझ्याकडे बघितलं. आत लाल माती. काठीच्या बुडाशी बारीक कार्बनची पट्टी असते, तिच्यावर एक पातं घासत फिरतं आणि काठी किती वाकली ते सांगतं. त्या पट्टीवर मातीने पार पॉलिश पेपर मारलेला. त्याने जुनी काठी डाग सोडवून काढली, नवी बसवली, दोनदा फिरवून दाखवली आणि म्हणाला, ‘काका, मातीत खेळता काय?’

---

रानजाई | रात्री ९:२०

माती कुठून आली?

---

चाकणचा नग | रात्री ९:३१

किल्ल्याची. दुपारी अंगणात किल्ला, संध्याकाळी गेम, मधे हात धुवायचे असतात हे मामीने सांगितलं होतं, भाच्याने ऐकलं होतं, एवढंच. यंदाचा किल्ला मोठा झालाय. पोत्यांवर माती, अळीव पेरलेलं छान उगवलंय. मावळे जुनेच, कसब्यातून घेतलेले, दोघांच्या तलवारी मोडलेल्या. महादरवाज्यावर मात्र पहारेकरी म्हणून तांजिरोची कीचेन उभी आहे. मी म्हटलं, अरे, महाराजांच्या गडावर हा कोण? म्हणाला, नवीन भरती.

---

दुपारचीझोप | रात्री ९:४०

फोटो टाका. आणि नेझुको?

---

चाकणचा नग | रात्री ९:५२

फोटो उद्या उजेडात काढतो. नेझुको दिसणार नाही. ती काडेपेटीत आहे, बुरुजाखाली पुरलेली. रोज संध्याकाळी दिवे लागले की तो तिला बाहेर काढायचा आणि सकाळी ऊन यायच्या आत परत आत ठेवायचा. आज जाताना मामीला बजावून गेलाय, सकाळी साडेसहाच्या आत.